नेटी काचुरचं नाक

नेटी काचुरला वास यायचा. तसा तो सगळ्यांनाच येतो, पण हिला जरा जास्त यायचा, आणि आला की तो स्वतःपाशी ठेवायची तिला सवय नव्हती. चर्चच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ती दारातच नाक वर करून उभी राहायची. मग कुणाच्या कोटाला ओल्या कुत्र्याचा वास येतोय, कॉफीच्या किटलीत मागच्या रविवारचा साका कसा तसाच बसलाय, हे चारचौघांत सांगून मोकळी व्हायची. बरं, ते खरं निघायचं, हाच तर वैताग होता. एकदा जरी खोटं निघालं असतं तरी बायकांनी तिला केव्हाच गप्प केलं असतं.

कॅनोरा हे कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या सपाटीवरचं गाव, निम्मं युक्रेनी. नेटी जन्मली ती गावाबाहेरच्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्याला चिकटून असलेल्या दोन खोल्यांत. हिवाळ्यात शाळेत सगळ्या मुलांचे ओले कोट शेगडीपाशी टांगायचे, आणि ते तापले की नेटीच्या कोटातून लसणाचा आणि कोंबड्यांचा भपका सुटायचा. एकदा तर बाहेर सगळं गोठलेलं असताना बाईंनी उठून खिडकी उघडली आणि हिच्याकडे पाहिलं. पुढच्या बाकावर दुकानदाराची पोलीन बसायची. तिने मागे वळून दोन बोटांत नाक धरलं. नेटीची सत्तरी उलटली, पोलीनबरोबर एकाच हॉलच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर पिठं मळली, पण ते दोन बोटांतलं नाक काही तिच्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

पुढे तिला नोकरी लागली ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात. दैवाला अशा थट्टा सुचतात. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरींचे ढीग यायचे, आणि नेटी नुसत्या वासावरून सांगायची की ही चादर कुठल्या वॉर्डातली, हिला थंड पाणी आधी लागेल की गरम. घरी आली की कोपरापर्यंत हात घासायची. तिच्या घरात शिरलं की व्हिनेगरचा वास यायचा आणि बसायला भीती वाटायची.

नवरा ओरेस्ट धान्याच्या कोठारावर होता. माणूस गरीब स्वभावाचा, पण स्वतःला हरहुन्नरी समजायचा, आणि अशा माणसापासून घराला जेवढा धोका असतो तेवढा चोरापासून नसतो. एका हिवाळ्यात त्याने मित्र गोळा केले, बिअरच्या पेट्या आणल्या आणि घराचं तळघर स्वतःच्या हाताने बांधून काढलं. विजेची वायरही स्वतःच ओढली. सॉकेटला वायर जोडताना ती स्क्रूखाली गुंडाळून आवळायची असते. याने सॉकेटच्या पाठीला जी भोकं असतात त्यांत नुसती खुपसली आणि हा पुढच्या सॉकेटकडे सरकला. त्याच एका लाइनवर बाथरूमही घेतलं, भिंतीची सॉकेटंही घेतली आणि तीच वायर मागच्या भिंतीतून बाहेर काढून अंगणात गाडीसाठी प्लग बसवला. आमच्याकडे थंडीत इंजिनचा हीटर रात्रभर लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी गाडी हलत नाही. घरोघरी गाडीच्या नाकातून वायर लोंबत असते. ओरेस्टची गाडी वर्षानुवर्षं त्या मागच्या प्लगला लागली. तळघरातली सॉकेटं एकेक करून मरत गेली, पण ओरेस्टने केलंय म्हटल्यावर त्यावर बोलायची सोय नव्हती. तो गेल्यावर तर ती वायरिंगसुद्धा पवित्र झाली.

या तळघरात मायरन येऊन राहिला. नेटीचा एकुलता एक मुलगा, चाळिशी ओलांडलेला. तेलाच्या विहिरीवर काम करताना पाठीत पाइप पडला, काम गेलं, मग बायकोही गेली, आणि एका वसंतात हा दोन पिशव्या घेऊन आईच्या दारात उभा राहिला. पाठ त्याला झोपू द्यायची नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट नासलं. गांजा ओढला की चार तास डोळा लागायचा. आता कायद्याने घरात गांजाची चार झाडं लावता येतात, म्हणून शरद ऋतूत त्याने एक तंबू मागवला.

तंबू म्हणजे कपाटाएवढी काळी पेटी, आतून चंदेरी, पुढे चेन. आत छताला दिवा, एका कोपऱ्यात पंखा, वर वास गाळायला कोळशाचं नळकांडं, दमटपणा शोषायचं एक यंत्र, आणि खाली चार कुंड्या. एवढा पसारा चालवायचा तर भक्कम सॉकेट हवं. मायरन एक टेबललॅम्प हातात घेऊन तळघरभर फिरला. प्रत्येक सॉकेटला तो लावून बघायचा. पेटला तर पुढे, नाही पेटला तर बाहेर जाऊन ब्रेकर पाडायचा, सॉकेट भिंतीतून उपसायचा आणि पाठ दाबत फरशीवर आडवा होऊन आत टॉर्च मारायचा. आत काय असायचं? काळी पडलेली वायर, वितळलेलं प्लास्टिक आणि मेलेल्या कोळ्यांचं भुसकट. शी! या असल्या भिंतींना पाठ टेकून माणसं इतकी वर्षं टीव्ही बघत होती.

"बाबांनी काय करून ठेवलंय बघ," मायरन म्हणाला. "घर पेटलं नाही हे नशीब."

"इतकी वर्षं चालत होतं. तू हात लावलास आणि बिघडलं," नेटी जिन्यावरून म्हणाली आणि वर निघून गेली.

त्याने सगळी सॉकेटं उलगडून वायरी स्क्रूखाली नीट आवळल्या. एवढं करूनही तंबूचं ओझं त्या जुन्या लाइनवर टाकायचा त्याला धीर झाला नाही. स्वतंत्र लाइन घरात एकच होती, नेटीच्या डीप फ्रीजरची. फ्रीजर हे नेटीचं खरं देवघर. लांबलचक, पेटीसारखा, वर उघडणारा. त्यात भाच्याने मारलेल्या मूसचं, म्हणजे इथल्या दांडग्या सांबराचं, मांस, अर्धं डुक्कर, कोंबड्या, आणि चर्चच्या बायकांनी हॉलमध्ये जमून केलेल्या पिरोग्या, म्हणजे बटाट्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं सारण भरलेल्या उकडायच्या करंज्या. त्या दर वर्षी नाताळच्या पंगतीपर्यंत नेटीकडेच राहायच्या, कारण नेटीच्या घरासारखं स्वच्छ घर गावात नाही, हे पोलीनलासुद्धा कबूल करावं लागायचं. फ्रीजर ओबडधोबड दिसतो म्हणून नेटीने त्याच्यावर भरतकामाचं मोठं कापड घातलं होतं, पुढून खालपर्यंत लोंबणारं, फ्रीजर चालू असल्याचा हिरवा दिवाही झाकणारं.

मायरनने फ्रीजरचा प्लग काढून शेजारच्या, दुरुस्त केलेल्या सॉकेटला लावला आणि तंबू फ्रीजरच्या जागी. मग तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि आईला नीट समजावून सांगू लागला. फ्रीजर आता बाथरूमच्या लाइनवर आहे. बाथरूमच्या सॉकेटला जे बटण आहे ते ओल लागली की उडतं आणि त्याच्या पुढचं सगळं बंद पडतं. अंगणातला गाडीचा प्लग त्याच लाइनवर आहे आणि त्याचं झाकण तुटलंय, बर्फ आत जाणार. तेव्हा मी तो बदलेपर्यंत गाडी मागे लावू नकोस, गॅरेजातून वायर घे, आणि फ्रीजरचा हिरवा दिवा गेला तर बाथरूममधलं बटण दाब. तो इथपर्यंत आला आणि नेटीने व्हॅक्यूम चालू केला. गाडी कुठे लावायची हे तिला पोराकडून शिकायचं नव्हतं.

झाडं वाढली. पानं होती तोवर ठीक होतं, पण फुलं धरली आणि घरात वास घुसला. स्कंक म्हणजे शेपटीखालून घाण फवारणारं मांजराएवढं जनावर, ते गाडीखाली चिरडून चार दिवस रस्त्यावर पडलं की जो येतो तो वास. वर मातीतून चिलटं उठली, एवढीएवढीशी काळी, आणि जिन्यावरून स्वयंपाकघरात आली. आंबट सायीच्या वाडग्यात नेटीला तीन सापडली, पाय हलवत. ती वाडग्यासकट सगळं बाहेर फेकून आली. मायरन शरमायचा, कोळशाचं नळकांडं बदलायचा, कुंड्यांवर वाळू पसरायचा, पण स्वतः गलिच्छ राहायचा, हेही खरं. चिकट झालेली बोटं पँटला पुसायचा आणि त्याच बोटांनी ब्रेड उचलायचा. नेटीला त्याच्याकडे बघवेनासं झालं. पोटचा पोर, पण जेवताना ती तोंड फिरवून बसू लागली, आणि तळघरात उतरणं तर तिने सोडूनच दिलं.

एका रविवारी हॉलमध्ये ती कोट काढत होती. मागून पोलीन आली, नाक फुलवलं आणि भर स्वयंपाकघरात गोड आवाजात म्हणाली, "अगं नेटी, तुमच्याकडे स्कंक मेलाय का गं?"

सगळ्या हसल्या. सगळ्या! किटलीवाली हसली, ओल्या कुत्र्यावाली तर डोळे पुसून हसली. पोलीनने दोन बोटं नाकापर्यंत नेली आणि तिथेच थांबवली. नेटीने काढलेला कोट पुन्हा घातला आणि ती बर्फातून चालत घरी आली.

मायरन तळघरात कुंड्यांना पाणी घालत होता. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिलेली बघून त्याला वाटलं की ही समेटाला आली.

"हे सगळं घेऊन आजच्या आज निघ," ती म्हणाली.

त्याने विनवलं, अजून थोडे दिवस दे, फुलं पिकत आलीत, मग मीच सगळं काढतो. तिने नाही म्हणून मान हलवली. या थंडीत झाडं बाहेर काढली की मेलीच, तो म्हणाला. मरू देत, ती म्हणाली. मग त्याने वाद घातला नाही. कात्रीने झाडं बुडातून कापली, काळ्या पिशव्यांत भरली, तंबू घडी केला. त्याचं सामान ट्रकच्या मागच्या हौद्यात निम्म्यात मावलं. यॉर्कटनला एक मित्र आहे, त्याच्याकडे जातो म्हणाला. शेवटी फ्रीजरचा प्लग पुन्हा त्याच्या जागी लावायला तो वाकला.

"माझ्या फ्रीजरला तुझे ते हात लावू नकोस," नेटी म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला, मग पाठीला हात देत सरळ झाला आणि गेला.

त्यानंतर नेटीने तळघर धुतलं. कसलं धुतलं, सोललं. भिंती, छत, जिन्याचे कठडे, मायरनची गादी उचलून बाहेर. बाथरूम तर तिने टूथब्रशने घासलं आणि दार ओढून घेतलं, कारण तिथे आता कोण जाणार? वर येऊन खुर्चीत बसली तेव्हा घरात फक्त व्हिनेगरचा वास होता आणि तिला खूप दिवसांनी बरं वाटलं.

मग जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळच्या आधीचा उपास सुरू झाला. आताशा पाळतं कोण, पण नेटी कडक पाळायची. मांस नाही, लोणी नाही, अंडं नाही. बीट, कोबी, शेंगा आणि ब्रेड. फ्रीजर उघडायचं कारणच उरलं नाही.

थंडी एकदम उतरली. उणे तीसचा इशारा आला त्या संध्याकाळी नेटीने गाडी मागच्या अंगणात नेली, नाकातली वायर काढून ओरेस्टच्या प्लगला लावली. तुटक्या झाकणातून प्लगमध्ये बर्फ बसला होता, तो तिने हातमोज्याने झटकल्यासारखं केलं. सकाळी गाडीने नुसता एक हुंदका दिला. शेजारच्या ग्लेनने येऊन बॅटरी जोडून दिली आणि विचारलं, प्लगला करंट आहे का बघितलंत? नेटी म्हणाली, बघायचंय काय, पोराने सगळ्या भिंती उचकटून करंटची वाट लावून ठेवलीय. त्या दिवसापासून ती गॅरेजातून वायर घेऊ लागली. गाडी सुरू होऊ लागली, विषय संपला.

वास आला तो त्यानंतर काही दिवसांनी. आधी गोडसर, पुसट, जिन्याच्या तोंडाशी. नेटी थबकली, आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. मायरन! भिंतींत मुरलाय मेला, आणि आता हीटर चालू झाल्यावर बाहेर पडतोय. ती पुन्हा खाली उतरली, पुन्हा भिंती पुसल्या, फ्रीजरवरचं कापड झटकून पुन्हा नीट पसरलं. बाथरूम उघडून तिथेही फडका फिरवला, त्या बटणाच्या सॉकेटवरूनही फिरवला. वास वाढला. तिने चर्चमधून धूप आणून जाळला. त्या थंडीत खिडक्या उघडून कोट घालून बसली. वास धुपावर चढून बसला. आता तो अंथरुणाला यायचा, ब्रेडला यायचा, घशात चिकटायचा. जी बाई चादर न उलगडता पू कुठला आणि रक्त कुठलं ते सांगायची, तिला मांस सडल्याचा वास कळू नये? पण कसला वास येतोय हे तिला शोधायचंच नव्हतं. कुणाचा येतोय हे तिने आधीच ठरवलं होतं.

आणि ते तिने गावभर सांगितलं. हॉलमध्ये, दुकानात, पोस्टात. पोराने घर नासवलं, आता भिंतीच पाडाव्या लागणार. पोलीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती इतक्या आनंदाने हळहळली की बघणाऱ्याला शिसारी यावी.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे सहा जानेवारीला, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बिनमांसाचे बारा पदार्थ खायचे असतात. मेलेल्यांसाठीही एक ताट वाढतात. त्याच्या दोन दिवस आधी मायरनचा फोन आला. येऊ ना, त्याने विचारलं.

"भिंतींना अजून तुझा वास येतोय," नेटी म्हणाली. "तो जाईस्तोवर येऊ नकोस."

"आई, झाडं जाऊन महिना झाला. वास कसला येतोय ते मी येऊन बघतो."

"मला माहीत आहे कसला येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा तारखेला सकाळी तिने ओरेस्टचं ताट मांडलं, स्वतःचं मांडलं, आणि तिसरं हातात घेऊन पुन्हा फडताळात ठेवलं. दुपारी पोलीन हॉलच्या पिरोग्या न्यायला येणार होती. त्याआधी आपल्यापुरत्या काढून घ्याव्यात म्हणून नेटी नाकाला रुमाल बांधून खाली उतरली, कापड ओढून काढलं आणि फ्रीजरचं झाकण उचललं.

झाकण चिकटलं होतं. मग ते चर्र करून सुटलं, आणि जे बाहेर आलं त्याला वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान. ते अंगावर आलं. डोळ्यांत शिरलं. आत तपकिरी, तेलकट पाण्याचं डबकं साचलं होतं आणि त्यात सगळं तरंगत होतं. मूसचं मांस हिरवट काळं पडून पिशवीसकट फुगलेलं, डुकराची चरबी साबणासारखी पिवळी, कोंबड्यांची कातडी सुटून आलेली. पिरोग्यांच्या पिशव्या फुटल्या होत्या. कणीक विरघळून करडा चिखल झाला होता आणि मांसाचं पाणी त्यात झिरपलं होतं. सगळ्या बायकांनी मिळून, गाणी म्हणत, एकेक कड दुमडून केलेल्या पिरोग्या. एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला.

नेटी बाथरूमपर्यंत पोचली आणि बेसिनमध्ये ओकली. ओकून झाल्यावर तिने वर बघितलं तर डोळ्यांसमोर ते सॉकेट होतं, मधलं बटण वर आलेलं. कालपरवाच तिने त्याच्यावरून फडका फिरवला होता. तिने वास घेतला, खोल, मुद्दाम. हाच तो. इतके दिवस ज्याला ती मायरन म्हणत होती तो हाच. तिला पुन्हा ओकारी आली, आणि या वेळी ती मांसाची नव्हती.

तिने फोन लावला. "फ्रीजर," एवढंच म्हणाली.

पलीकडून मग त्याने विचारलं, "गाडी मागे लावली होतीस?"

तिने ओघळलेला रुमाल पुन्हा नाकावर बांधला.

"झाकण लाव. मी निघालोच," तो म्हणाला.

तो आला, तोंडाला रंगारी लावतात तसला मास्क, हातात फावडं आणि काळ्या पिशव्यांची गुंडाळी. तिला वाटलं होतं तो बोलेल. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो आधी बाथरूममध्ये गेला आणि बटण दाबलं. टक् झालं, आणि त्या घाणीखाली फ्रीजर घुरघुरायला लागला.

"एवढंच होतं," तो म्हणाला, रागाने नाही, दमल्यासारखा. मग त्याने प्लग उपटला आणि फावडं आत घातलं.

दोघं उपसत राहिले. पिशव्या भरून तो जिन्यावरून अंगणात नेऊन टाकायचा, आणि बाहेर टाकताच त्या दगडासारख्या गोठायच्या. बाहेर सगळं जगच फ्रीजर झालं होतं. नुसतं दार उघडून अंगणात ठेवलं असतं तरी वसंतापर्यंत एक पिरोगी खराब झाली नसती. नेटी गुडघ्यांवर बसून हातमोजे घातलेल्या हातांनी तो चिखल गोळा करत होती. मायरन दर खेपेला पाठीवर हात दाबून क्षणभर थांबायचा आणि ती ते बघून न बघितल्यासारखं करायची.

वरचं दार वाजलं. पोलीन आमच्याकडच्या रीतीप्रमाणे हाक मारत थेट आत आली, जिन्याच्या चार पायऱ्या उतरली आणि तिथेच खिळली. गळ्यातला लोकरी रुमाल तिने नाकावर ओढला. खाली फ्रीजर, पिशव्या, आणि मायरन. तिला पुरेसं होतं.

"मी म्हटलंच होतं," ती रुमालातून म्हणाली. "हे पोरगं घरात घेतलंस तेव्हाच म्हटलं होतं. याच्या त्या गांजाने देवाघरचं अन्न सडवलं. उद्या पंगतीला मी काय सांगू लोकांना?"

मायरनने आईकडे बघितलं. नेटीच्या तोंडाशी शब्द आले होते. पण पोलीनची दोन बोटं रुमालावरून नाक धरून होती, आणि नेटी पुन्हा खाली चिखलाकडे बघू लागली.

"माझ्यामुळेच झालं, मावशी," मायरन म्हणाला. "लाइन मी बदलली होती. उद्या मी हॉलमध्ये येऊन माफी मागतो."

"तू हॉलमध्ये नकोच येऊस बाबा," पोलीन म्हणाली आणि वळली. दार आपटलं.

मायरन पुन्हा फावडं मारू लागला. नेटी तशीच गुडघ्यांवर. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं, कोपरापर्यंत बरबटलेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते धुवावेसे वाटले नाहीत. इतकी स्वतःची किळस आली होती की पाणी पुरलं नसतं. ती उठली आणि जिना चढून गेली, चपलांतच, कोटाशिवाय.

पोलीनची गाडी रस्त्यावर धुराचा ढग सोडत उभी होती, काचेवरचं हिम वितळायची वाट बघत. नेटी बर्फातून गेली आणि तिने काचेवर थाप मारली, उघड्या पंजाने. पोलीन आत दचकून मागे सरकली. काचेवर करडा, तेलकट पंजा उमटला.

"काच खाली कर."

पोलीनने बोटभर खाली केली.

"मायरन इथे नव्हता," नेटी म्हणाली. "गाडी मी मागे लावली, त्याने नको सांगितलं तरी. जाताना तो फ्रीजर नीट लावत होता, मी हात लावू दिला नाही. महिनाभर सडत होतं आणि मी गावभर त्याचं नाव घेत फिरले. हे हॉलमध्ये सांगायचं. तू नाही सांगितलंस तर उद्या पंगतीत उभी राहून मी सांगणार आहे."

"अगं, आत जा, गारठून मरशील. कोटसुद्धा नाही अंगात."

"सांगशील?"

"सांगते. सांगते बाई. हात काढ काचेवरून."

"आणि नाक धर," नेटी म्हणाली. "नीट धर. हा माझा वास आहे."

पोलीनने काच वर केली. गाडी निघाली तेव्हा तो पंजा काचेवर गोठून पक्का झाला होता, पाचही बोटांनिशी.

नेटी आत आली. स्वयंपाकघरातून जाताना तिने फडताळातलं तिसरं ताट बरबटलेल्या हातांनीच काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर डाग पडला. तो तसाच राहू देऊन ती खाली उतरली. कुठे गेली होतीस, मायरनने विचारलं. पोलीनशी बोलायचं राहिलं होतं, ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून फावडं घेऊन तिने त्याला जिन्याच्या पायरीवर बसायला सांगितलं.